‘नाही’ म्हणता येतं ना?

दर काही दिवसांनी आपल्या पेपरात एक छोटी बातमी असते. चार-पाच ओळींची, पानाच्या कोपऱ्यातली. ‘अल्पवयीन मुलीला अज्ञात इसमाने फूस लावून पळवून नेले.’ कधी अंबड, कधी सातपूर, कधी पंचवटी पोलीस ठाणं. ठाणं बदलतं, वाक्य तेच. आपण चहा पिता पिता ती वाचतो, ‘काय बाई दिवस आलेत’ म्हणतो आणि पान उलटतो. घरात सोळा वर्षांची मुलगी असेल तर त्या दिवशी तिचा मोबाइल जरा जास्तच तपासला जातो, इतकंच.

हे वाक्य असं ठरीव का, याला कारण आहे. अठरा वर्षांखालचं मूल हरवल्याची तक्रार आली, की ते अपहरण समजूनच गुन्हा नोंदवावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं. ते योग्यच आहे. मुलींची फसवणूक होते, विक्री होते, हे खोटं नाही. आणि शोधाचे पहिले काही तासच मोलाचे असतात. पण त्यामुळे होतं काय, की जिला खरोखर कुणी फसवून नेलं ती, घरच्या माराला कंटाळून मावशीकडे निघून गेलेली आणि वर्गातल्या मुलाबरोबर आपणहून गेलेली, अशा सगळ्याच मुली त्या एका वाक्यात बसवल्या जातात. ‘फूस’ या शब्दाखाली सगळं झाकलं जातं. ही मुलगी घरात कुणाशी काही बोलू शकत होती का, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. मला आज तोच विचारायचा आहे.

डब्यातल्या चिठ्ठ्या

सिडको-सातपूरच्या वस्त्यांत आणि दिंडोरी-पेठकडच्या काही गावांत आम्ही बायका किशोरी मुलींचे मेळावे घेतो. हिमोग्लोबिन, पाळीची स्वच्छता, खाणंपिणं असं सगळं बोलून झालं, की शेवटी एक रिकामा डबा फिरवतो. नाव न घालता चिठ्ठीवर प्रश्न लिहायचा. पहिल्या फेरीत पिंपल्स आणि पोटदुखी येते. दुसऱ्या फेरीत खरे प्रश्न येतात. त्यातले काही, मुलींची ओळख लागू नये इतपत शब्द बदलून सांगते.

‘मी रात्री किती वाजेपर्यंत ऑनलाइन होते हे तो रोज बघतो. म्हणजे त्याला माझी काळजी आहे ना?’

‘दुसऱ्या मुलांशी बोललेलं त्याला आवडत नाही. म्हणून मी क्लासमध्ये कुणाशीच बोलत नाही. हे बरोबर आहे का?’

‘फोटो पाठवला नाही तर ब्रेकअप म्हणतो. काय करू?’

‘मी सोडते म्हटलं तर त्याने हातावर ब्लेड मारून घेतलं. आता त्याला काही झालं तर पाप मला लागेल का?’

आणि एक चिठ्ठी अशी : ‘तो मला गणित समजावून सांगतो. कधी हात पण धरला नाही. पण आईला कळलं तर शाळा बंद होईल. मी चुकतेय का?’

मैत्रिणींनो, या पाच चिठ्ठ्या नीट वाचा. पहिल्या चार मुली ज्या नात्यात आहेत ते नातं त्यांना हळूहळू गुदमरवतं आहे. पाचवीचं नातं निकोप वाटतं. पण पाचही जणींनी ते घरापासून सारखंच लपवलेलं आहे! आपल्या घरांत चांगलं नातं आणि वाईट नातं यांना शिक्षा एकच. मग फरक ओळखायला मुलीने शिकायचं कुठून? जिथे सगळंच चोरून करायचं असतं, तिथे तो चोरून भेटायला बोलावतो यात तिला काही खटकतच नाही.

आपल्या भाषेतही बघा. मुलगा-मुलगी बोलताना दिसले की त्याला ‘लफडं’ म्हणायचं, ‘भानगड’ म्हणायचं, नाहीतर ‘प्रकरण’. मुलांच्या बोलण्यात ‘पटवली’ असतं. सोळाव्या वर्षी कुणाबद्दल तरी काही वाटणं ही निसर्गाचीच गोष्ट, पण तिला आपल्याकडे घरात उच्चारता येईल असा एक सरळ शब्द नाही. शब्द नाही म्हणजे बोलणं नाही.

निकोप म्हणजे काय?

मुलींना मी एकच कसोटी सांगते, ती लक्षात राहते. त्याला ‘नाही’ म्हणून बघ. मोठं काही नको. ‘आज भेटायला येणार नाही, मला अभ्यास आहे’, एवढंच. मग तो काय करतो ते बघ. ‘बरं’ म्हणाला, जरा नाराज झाला आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा बोलला, तर ठीक. पण फुगून बसला, शंभर मेसेज केले, ‘मग तुझं प्रेमच नाही’ म्हणाला, मैत्रिणींच्या ग्रुपवर टोमणे टाकले, धमकी दिली, तर समज, बाळा, त्याला तू नकोस, त्याला तुझ्यावर ताबा हवाय.

हीच कसोटी आणखी थोडी उलगडून सांगावी लागते. त्याच्या ओळखीनंतर तुझ्या मैत्रिणी वाढल्या की तुटल्या? तुझे मार्क, तुझं खेळणं, तुझी झोप, यांचं काय झालं? फोनचा पासवर्ड त्याने मागितला का? लास्ट सीन, लोकेशन याचा हिशेब द्यावा लागतो का? आणि वयाचं बघ. तू नववीत आणि तो पंचवीस वर्षांचा, कमावता, बाइकवाला असेल, तर ती बरोबरीची मैत्री नव्हे. पैसा त्याच्याकडे, गाडी त्याच्याकडे, जगाची माहिती त्याच्याकडे. तुझ्याकडे फक्त भीती. अशा नात्यात ‘नाही’ म्हणायला जागाच उरत नाही.

हे सगळं मुलांनाही लागू आहे. मुलीही पासवर्ड मागतात, हात कापून घेण्याची धमकी देतात, मुलाला मित्रांपासून तोडतात. मुलगा असल्याने तो कुणाला सांगायचीही सोय नसते, कारण मित्र हसणार.

ब्लेडवाल्या चिठ्ठीचं उत्तर मी सगळ्यांसमोर दिलं होतं. कुणी स्वतःला इजा करत असेल तर त्याला मदत मिळालीच पाहिजे, पण ती मदत म्हणजे तू त्याच्याबरोबर राहणं नव्हे. ही गोष्ट एकटीने पोटात ठेवू नकोस. त्याच्या घरी किंवा शाळेत एका मोठ्या माणसाला ताबडतोब सांग. १४४१६ हा ‘टेलिमानस’चा सरकारी नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.

नकार पचवायला कोण शिकवणार?

मार्च १९९०. उल्हासनगरमधलं दहावीच्या परीक्षेचं केंद्र. पेपर लिहायला बसलेल्या रिंकू पाटील या मुलीला एका तरुणाने साथीदारांना घेऊन वर्गात शिरून पेटवून दिलं. एकतर्फी प्रेम! माझ्या पिढीच्या मुली हे नाव ऐकतच मोठ्या झाल्या. त्यानंतर आम्हाला काय शिकवलं गेलं? खाली मान घालून चाल, हसू नकोस, एकटी जाऊ नकोस. मुलांना काय शिकवलं गेलं? काहीच नाही.

तीस वर्षं गेली. ३ फेब्रुवारी २०२० ला वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला कॉलेजात शिकवायला निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेवर तिच्याच गावच्या माणसाने भर रस्त्यात पेट्रोल टाकलं. आठवड्याभराने ती गेली. २०२२ मध्ये न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. तो विवाहित होता आणि तिला त्रास देत होता. रिंकू शाळकरी मुलगी होती, ही शिकून नोकरीला लागलेली. दोघींच्या मधल्या तीस वर्षांत मुली शिकल्या, नोकरीला लागल्या, ‘नाही’ म्हणू लागल्या. ते ‘नाही’ ऐकायची तयारी मात्र आपण मुलांकडून करून घेतली नाही.

कायदा बदलला, हे खरं. मुलीने नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा मागे जाणं, मेसेज करत राहणं, इंटरनेटवर तिच्यावर पाळत ठेवणं हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. आताच्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ मध्ये आहे. पण कायदा येतो तो घडून गेल्यावर. त्याच्या आधी घर येतं. मुलगा पाच वर्षांचा असताना रडून मोबाइल मिळवतो, बारा वर्षांचा असताना ताट आपटून मनासारखी भाजी करून घेतो, बहिणीने नाही म्हटलं की तिचे केस ओढतो आणि आपण म्हणतो, ‘मुलगाच आहे तो, चालायचंच.’ त्याला सोळाव्या वर्षी मुलीचा नकार कसा पचणार? कॉलेज रोडला मुलीच्या मागे बाइक घेऊन तीन चकरा मारणाऱ्या मुलाला तो हिरो वाटतो, कारण सिनेमातला हिरोही तेच करतो आणि शेवटी मुलगी ‘हो’ म्हणते.

कायदा मुलांना माहीत आहे का?

यात आणखी एक गोष्ट आहे, जी आपल्यातल्या कित्येक आयांनाच माहीत नसते. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या ‘पॉक्सो’ कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाच्या किंवा मुलीच्या संमतीला शरीरसंबंधात काहीही अर्थ नाही. पूर्वी मुलीसाठी हे वय सोळा होतं. म्हणजे सतरा वर्षांची मुलगी कितीही म्हणाली की माझी इच्छा होती, तरी मुलगा आरोपी. तो अठराच्या आतला असेल तर बाल न्याय मंडळापुढे जातो, एकोणीसचा असेल तर मोठ्या माणसासारखा तुरुंगात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बलात्काराच्या स्वरूपाच्या गुन्ह्यात किमान शिक्षा दहा वर्षांची आहे, आणि मुलगी सोळाच्या आतली असेल तर वीस वर्षांची.

नीट समजून घ्या. बोलणं, मैत्री, एकत्र अभ्यास, मिळून वडापाव खाणं हा गुन्हा नाही. पण ही रेघ कुठे आहे हे मुलांना कुणी सांगितलेलंच नसतं. घरच्यांनी संतापाने फिर्याद दिली, की दोन्ही घरं कोर्टाच्या पायऱ्या चढत राहतात. हे वय कमी करावं का, यावर देशात वाद चालू आहे. विधी आयोगाने २०२३ मध्ये वय अठराच ठेवावं असं सांगितलं, पण सोळा ते अठरा वयाच्या मुलांच्या संमतीने झालेल्या प्रकरणांत न्यायाधीशांना शिक्षेबाबत सवलत असावी, असंही सुचवलं.

पश्चिम बंगालचं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. चौदा वर्षांची मुलगी घर सोडून पंचवीस वर्षांच्या माणसाकडे गेली. पुढे दोघांचा संसार झाला, मूल झालं. नवऱ्याला सोडवण्यासाठी तीच कोर्टकचेऱ्या करत राहिली. न्यायालयाने २०२४ मध्ये त्याला दोषी ठरवलं, आणि मे २०२५ मध्ये, सगळी परिस्थिती तपासून, तो दोषी असला तरी शिक्षा देणार नाही असं सांगितलं. ती मुलगी गुन्ह्यापेक्षा नंतरच्या गोष्टींनी जास्त भरडली गेली, असं न्यायालयाला दिसलं. समाजाने तिलाच दोष दिला, यंत्रणा कमी पडली, माहेरच्यांनी तिला टाकलं. सगळं समजून-उमजून निवड करायची संधी तिला कधी मिळालीच नाही.

मला ही शेवटची गोष्ट फार लागली. चौदा वर्षांच्या मुलीने पंचवीस वर्षांच्या माणसाकडे जाणं हे प्रेम म्हणून मी कधीच मान्य करणार नाही. पण तिला घरात कुणी बोलायला असतं तर? परत यायला दार उघडं असतं तर?

घरात कळतं तेव्हा

आपल्याकडे कळल्यावर काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. आधी मोबाइल काढून घेतला जातो, मग क्लास बंद. गावाकडे एसटी बंद, म्हणजे शाळाच बंद. अहिल्याबाई होळकर योजनेतून खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट मिळतो, पण पास फुकट असून उपयोग काय, जर एका मेसेजवरून तो पेटीत कुलूपबंद होणार असेल? आणि मग मामाच्या ओळखीतलं ‘चांगलं स्थळ’. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आधी झालेलं होतं. म्हणजे जवळपास पाचातली एक! सगळीच लग्नं ‘प्रकरणा’मुळे होत नाहीत. गरिबी आहे, ऊसतोड आहे, हुंडा आहे. पण ‘मुलीचं पाऊल वाकडं पडायच्या आत उरकून टाकू’ हे वाक्य मी किती आयांच्या तोंडून ऐकलंय!

जातीचं भय तर विचारूच नका. २०१३ मध्ये आपल्याच नाशिकमध्ये, आंतरजातीय लग्न केलं म्हणून, गरोदर लेकीला सख्ख्या बापाने मारलं. खालच्या न्यायालयाने दिलेली फाशी सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये वीस वर्षांच्या कैदेवर आणली. ती सज्ञान होती, कायद्याने लग्न केलेली होती. अशा गोष्टी मुली ऐकतात. मग त्यांनी घरी येऊन ‘आई, मला एक मुलगा आवडतो’ म्हणावं, ही अपेक्षा आपण कुठल्या तोंडाने करायची?

इथे आया हमखास विचारतात, ‘मग काय ताई, मुलींना मोकळं सोडायचं? बॉयफ्रेंड करा म्हणायचं?’ नाही हो! सोळाव्या वर्षी जोडीदार ठरवायचा नसतो, हे मीही माझ्या मुलीला सांगते. वेळेचं बंधन असावं, कुठे जाते ते ठाऊक असावं. पण बंधन घालणं वेगळं आणि तोंड बंद करणं वेगळं. संध्याकाळी सातला घरी ये म्हटलेलं मुलीला पटतं, निदान चालतं. ‘मला कळलं तर तंगडं तोडीन’ म्हटल्यावर ती साताला घरी येते, पण फोटोवरून कुणी धमकावत असेल तर सांगायला येत नाही. आणि धमकावणाऱ्याला हेच हवं असतं. ‘तुझ्या आईला सांगीन’ ही त्याची सगळ्यात मोठी ताकद असते. ती त्याला कोण देतं? आपणच.

शाळा गप्प, फोन बोलका

घर गप्प असेल तर शाळेने बोलावं. पण २००५ च्या सुमारास केंद्राने किशोरवयीन मुलांसाठी शिक्षणाचा कार्यक्रम आणला, त्यावर गदारोळ झाला आणि २००७ मध्ये महाराष्ट्रात त्याला बंदी घातली गेली. ही आपली संस्कृती नाही, असं म्हटलं गेलं. अहो, याच महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं होतं. गडचिरोलीत ‘सर्च’च्या डॉ. राणी बंग ‘तारुण्यभान’ शिबिरांत मुला-मुलींशी शरीराबद्दल, प्रेमाबद्दल, जबाबदारीबद्दल मोकळेपणी बोलत आल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०२४ च्या एका निकालात म्हटलं, की लैंगिक शिक्षण ही पाश्चात्त्य कल्पना आहे हा गैरसमज आहे. शाळा गप्प बसली म्हणून मुलं अडाणी राहत नाहीत. ती फोनवरून शिकतात, आणि फोन संमती शिकवत नाही.

आपण काय करायचं?

मोठं काही नाही. आज रात्री भांडी घासून झाल्यावर मुलीजवळ बसा. उलटतपासणी नको. ‘तुमच्या वर्गात कुणाचं जमलंय का गं?’ असं दुसऱ्याबद्दल विचारा. ती सांगेल त्याला ‘शी!’ म्हणू नका. ऐका. मग एक वाक्य सांगून ठेवा : ‘काहीही झालं, चूक तुझी असली तरी, आधी मला सांगायचं. मी ओरडेन कदाचित, पण तुला सोडणार नाही आणि शाळा बंद करणार नाही.’ हे वाक्य बोललात तर पाळा. एकदा मोडलं की परत मिळत नाही. आणि आपल्याशी नाहीच बोलवत असेल, तर मावशी, काकू, बाई, अशी एक जण तिच्यासाठी ठरवून द्या.

मुलालाही बसवा. ‘तिने नाही म्हटलं तर तुझी किंमत कमी होत नाही. वाईट वाटेल, रड, मित्राशी बोल, पण तिच्या मागे जायचं नाही.’ हे वडिलांनी सांगितलं तर आणखी चांगलं. आणि घरात बायकोच्या ‘नाही’ला मान मिळताना त्याला दिसू द्या, त्याच्याइतका दुसरा पाठ नाही.

फोटोवरून कुणी धमकावत असेल तर पैसे देऊ नका, मेसेज पुसू नका. १९३० हा सायबर गुन्ह्यांचा नंबर आहे. मुलांसाठी १०९८, ताबडतोब पोलीस हवे असतील तर ११२. अठराखालच्यांचे तसे फोटो जवळ ठेवणं किंवा पुढे पाठवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, हे मुलांच्या कानावर घालून ठेवा. मित्राने पाठवला आणि मी फक्त पुढे ढकलला, हे तिथे चालत नाही.

गणितवाल्या मुलीला मी सांगितलं, ‘तू चुकत नाहीस. पण हे आईला सांगायला एक दिवस शोध. हवं तर मी येते बरोबर.’ तिने नाव सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. पुढच्या मेळाव्याला डबा नेईन तेव्हा त्यात तिची चिठ्ठी असेल-नसेल. तुमच्या घरातल्या मुलीला मात्र चिठ्ठी लिहावी लागू नये, एवढं तर आपल्या हातात आहे!